डुलकी लागलेल्याला हलवू नये

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन बंद असतो. दुकान उघडं असतं, पण तू शिडीवर असतोस. मावशीकडे निरोप ठेवला तर तो तिच्या मतांसकट तुझ्यापर्यंत पोचतो. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागात हृदयाचा आलेख काढायचं नवीन यंत्र आलं. रुग्णांवर प्रयोग नको म्हणून नवीन यंत्र आधी आमच्यापैकीच कुणाला तरी जोडून पाहतात. या वेळी पाळी माझी होती. मी टेबलावर आडवी झाले, सहकाऱ्याने तारा लावल्या, कागद बाहेर आला. मला वाटलं, यंत्र बिघडलेलं आलं आहे. मी तारा बदलल्या, कागदाचा वेग तपासला आणि तेच यंत्र सहकाऱ्याला जोडलं. त्याचा आलेख पुस्तकात छापण्यासारखा आला. मग मी जुन्या यंत्रावर माझा काढून पाहिला. यंत्र ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे.

आमच्या डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय का. मी म्हटलं, आईकडच्या माणसांना जायची दुसरी पद्धत माहीत नाही. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, एकेक करून सांग. मी सांगू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मी ते सगळं मावशीच्या कौतुकाच्या सुरात सांगते आहे.

हा दोष आई किंवा वडील, कुणातरी एकाकडून येतो. बाबांच्या बाजूची माणसं नव्वदीपर्यंत कुरकुरत जगतात, तेव्हा तो तुमच्याकडचा. तुला आणि मावशीला तो असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. आलेख काढायला दुखत नाही, वेळ लागत नाही, फक्त शर्ट काढावा लागतो. पुढच्या आठवड्यात ये. तोवर शिडीवर चढू नकोस.

माझं काही चुकत असेल तर सांग. पण आधी तपासून ये, मग सांग.

तुझी,
मोजपट्टी


९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. आ., आणि सोबत एक टपली.

पत्र पोचलं. शर्ट काढायचा म्हटल्यावर आधी दोन बरी बनियनं घे, असं मावशी म्हणाली. म्हणजे पत्र तिनेही वाचलं, हे तुझ्या तल्लख डोक्यात आलंच असेल. दुपारी जेवायला तिच्याकडेच जातो, आणि तिच्या घरात माझ्या खिशाला कडी नाही.

अगं, बिघाड कसला? ती आपली वडिलोपार्जित इस्टेट. लोक पोरांसाठी घरं ठेवतात. तुझ्या आजोबांनी आम्हाला मरण ठेवलं. चोख, झटपट, कुणाच्या डोक्याला ताप नाही. कारखान्यात पाळीचा भोंगा वाजला आणि ते गेले. हातातल्या कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही, असं तिथले लोक अजून सांगतात. तुझा थोरला मामा न्हाव्याच्या खुर्चीत गेला. दुकानातला फोन खणखणला आणि याने मान टाकली. न्हावी आपला गप्पा मारत दुसरा गाल करत राहिला. मग त्याला शंका आली की गिऱ्हाईक बराच वेळ आपल्या एकाही वाक्याला विरोध करत नाहीये. आणि थोरल्याचा तसा लौकिक नव्हता. गेला, पण गुळगुळीत होऊन गेला. आमच्या शेजारच्या औषधवाल्याचे वडील कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना विचार, अदलाबदल करता का म्हणून.

तुझ्या आईचं मी लिहीत नाही.

राहिली डुलकी. ती मला येते, लपवायचं काय त्यात? आपल्याकडे ती नाकाच्या ठेवणीसारखी आहे. परवा बेकरीच्या पाटीवर ‘ब’ काढत होतो. खालून टेम्पोवाल्याने कर्कश हॉर्न मारला आणि मला डुलकी लागली. जागा झालो तो खालच्या ताडपत्रीवर, हातात ब्रश, आणि वर ‘ब’ला हातभर शेपूट. बेकरीवाला मला गदागदा हलवणार होता, पण त्याला मी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की आमच्यात डुलकी लागलेल्याला हलवत नाहीत, माणूस आपला आपण परत येतो. आलो. शेपटीची नवी पद्धत आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याला ती आवडली आहे.

पुढच्या महिन्यात नाट्यगृहाचं काम आहे. तीन मजले वर, माणसाएवढी अक्षरं. ते झाल्याशिवाय शर्ट काढायला सवड नाही.

लोभ ठेव, काळजी ठेवू नकोस. दोन्ही एका पाकिटात मावत नाहीत.

तुझा,
मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा त्यात तीन आवाज सापडले. भोंगा, फोन, हॉर्न. आईच्या वेळी शाळेची घंटा होती.

तुझ्या भाषेत सांगते. पाटीवर रंगाचा पहिला हात दिल्यावर तो वाळू द्यावा लागतो. ओल्यावरच दुसरा हात मारला तर रंग ओघळतो. हृदयाचंही तसंच आहे. प्रत्येक ठोक्यानंतर त्याला क्षणभर वाळावं लागतं, मग पुढचा ठोका. आपलं हृदय सावकाश वाळतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण अचानक आवाज झाला, माणूस दचकला, की पुढचा ठोका ओल्यावर पडतो. मग ठोके ठोके राहत नाहीत, नुसती थरथर होते. थरथरणारं हृदय रक्त पुढे ढकलत नाही, मेंदूला रक्त मिळत नाही, आणि माणूस कोसळतो.

बहुतेक वेळा लय आपोआप सावरते. त्याला आपण डुलकी म्हणतो आणि हसतो. एखाद्या वेळी सावरत नाही. त्याला आपण छान मरण म्हणतो आणि कौतुक करतो. मामा, ती एकच गोष्ट आहे. डुलकी ही रंगीत तालीम असते. तू ताडपत्रीवर जागा झालास, कारण ताडपत्री होती आणि लय परत आली. दोन्ही योगायोग.

यावर गोळ्या आहेत. गोळ्यांनी भागत नसेल तर काडेपेटीहून थोडी मोठी डबी मिळते. ती छातीच्या कातडीखाली बसवतात आणि थरथर सुरू झाली की ती आतूनच झटका देते. मी त्या डब्या तपासण्याचं काम करते, त्यामुळे त्या चालतात हे मी ऐकीव सांगत नाही.

तुझा फोन का बंद आहे, ते तू कधी नीट सांगितलं नाहीस. आता सांग.

मोजपट्टी


२० फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझ्या मामाने तुझं पत्र वाचून डोक्यात राख घालून घेतली असेल, असं वाटलं तर तसं काही नाही. त्याला ते फार आवडलं. कालपासून काहीही काम सांगितलं की म्हणतो, ताई, थांब, पहिला हात वाळू दे. ताटं उचलायला सांगितली तरी तेच. तुझ्या शास्त्राचा आमच्या घरात एवढाच उपयोग झाला आहे.

मला मात्र तुझा राग आला. इतकी वर्षं आपल्या घराण्याबद्दल लोक आदराने बोलत आले की यांच्यात कुणी कुणाला त्रास देऊन जात नाही. आता तू त्याला रोग म्हणणार. आधीच सांगते, मला आयुष्यात एकदाही डुलकी आलेली नाही. थोरला चिडवायचा, हिला कुठून तरी उचलून आणली म्हणून. मला आपले गुडघे, पित्त आणि मोतीबिंदू. मी सावकाशच जाणार, सगळ्यांना कामाला लावून. ज्यांना देवाने चांगलं दिलं त्यांच्यावर जळू नये म्हणून मी किती प्रयत्न करते, ते तुला काय माहीत.

फोनचं विचारलंस. मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. मागच्या वर्षी दुकानात तो फोनच्या टेबलाशी उभा होता. घंटी वाजली आणि हा रंगाच्या डब्यांच्या फळीसकट खाली आला. निळा झाला होता. रंगाने की कशाने, मी विचारलं नाही. त्यानंतर त्याने तार उपटून टाकली आणि विकणाऱ्यांचे फोन येतात म्हणून काढला, असं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे त्याला कळलेलं आहे बाई. आमच्यात सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

पण त्याला घाबरवू नकोस. घाबरत घाबरत जगण्यापेक्षा तुझ्या आईसारखं जावं. टेबलावर डोकं ठेवलं, झोपली, गेली. किती छान गेली.

पत्र पाठवत जा; मतभेद असले तरी पाठव.

तुझी,
मावशी


२५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई छान गेली नाही. आई गेली.

शिक्षकांच्या खोलीत तिच्याबरोबर तिघीजणी होत्या. घंटा झाली आणि तिचं डोकं टेबलावर टेकलं. तिनेच त्यांना अनेकदा हसत हसत सांगून ठेवलं होतं की मला डुलकी लागली तर हलवू नका, आमच्या घरचा नियम आहे. त्यांनी हलवलं नाही. अख्खा तास त्या आवाज न करता वह्या तपासत बसल्या. एकीने उठून पंखा तिच्याकडे वळवला. हे त्यांनी मला फार मायेने सांगितलं, ती झोपेत किती शांत वाटत होती तेही सांगितलं. त्यांच्यावर माझा राग नाही. नियम आपला होता.

ती क्षणात गेली, हे खरं आहे. मला त्याला बरीच वर्षं लागताहेत.

मामा येणार नाही, हे मी धरून चालते. तो जेवतो तुझ्याकडे, म्हणून हे तुला लिहिते. तो कोसळला तर त्याला हलव. हाक मार, खांदे हलव. उत्तर आलं नाही आणि श्वास नीट चालत नसेल, तर काकांना रुग्णवाहिका बोलवायला सांग आणि तू जमिनीवर त्याच्याशेजारी गुडघे टेक. गुडघ्यांचं नंतर पाहू. छातीच्या मधोमध तळहात ठेव, त्यावर दुसरा, कोपर ताठ, आणि सगळं वजन टाकून दाब. जोरात आणि भरभर. तू शिकवायचीस त्या टायपिंगच्या वर्गात हुशार मुलींच्या ओळीला जो वेग असायचा, साधारण तो. कुणी येईपर्यंत थांबू नकोस. काही मोडेल याची भीती बाळगू नकोस. जे मोडेल ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

रागावलीस तरी चालेल. गादीवर एकदा करून बघ.

मोजपट्टी


११ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तू येऊन गेलीस तेव्हा दवाखान्यात माणसं होती आणि मला रडायचं नव्हतं, म्हणून जे तोंडाने सांगितलं नाही ते लिहिते.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. मग गादीवर करून पाहिलं. काका खोलीत आले, बघून गेले, परत आले आणि विचारू लागले की गादीने काय केलंय. मी म्हटलं, माझा भाऊ समजून मारते आहे. त्यांना ते पटलं.

गेल्या आठवड्यात तो जेवायला आला. नाट्यगृहाच्या कामाला सोमवारपासून लागणार म्हणून खुशीत होता, मला तिथली अक्षरं हवेत काढून दाखवत होता. माझ्या हातून ताट निसटलं. फरशीवर पडलं, गोल गोल फिरत वाजत राहिलं, आणि याची मान बाजूला पडली. खुर्चीवरून अलगद घसरला.

आता ऐक. मी पहिली गोष्ट काय केली? काकांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

हात बटणावर होता तेव्हा मला तुझ्या पत्रातली ती बाई दिसली. मग मी काय केलं ते सलग आठवत नाही. त्याला हाक मारली, शिव्या दिल्या, हलवला. श्वास म्हणावा असं काही नव्हतं. मधेच कोरड्या नळासारखं घरघरायचा. काकांना चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी शेवटी आठवणीने नंबर फिरवला. मी गुडघ्यांवर बसले आणि दाबू लागले. तोंडाने जुन्या धड्याची अक्षरं म्हणत होते, वर्गात म्हणायचे तशी. आत काहीतरी कट्‌कन मोडलं. मी थांबले नाही. एकदा वाटलं, हा गेलेला आहे आणि मी मेलेल्या भावाला बुकलते आहे, लोक काय म्हणतील. तरी थांबले नाही.

रुग्णवाहिकेतली माणसं आली, त्यांनी मला बाजूला केलं, झटका दिला. दुसऱ्या झटक्याला कागदावर ठोके आले. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, हे कुठे शिकलात. मी म्हटलं, आमच्या मुलीने शिकवलं. भाचीने म्हणायला हवं होतं. तेवढं खोटं बोलले.

त्याला डबी बसवली हे तुला माहीतच आहे. आता मला माझं घराणं पुन्हा लावून घ्यावं लागेल. तू फार वाईट वागलीस, आणि तुझं भलं होवो.

तुझी,
मावशी


१९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. आ., बसल्या बसल्या, कारण आडवं झालं की बरगड्या बोलतात.

दोन मोडल्या आहेत. लहानपणी मी तुझ्या मावशीची वेणी दारात अडकवली होती, तेव्हापासून तिचा बेत होता. तू फक्त तिला शास्त्रीय आधार दिलास. छातीत डबी आहे. नर्स म्हणाली, आता काही दिवस हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मी म्हटलं, बाई, माझा धंदाच खांद्याच्या वर सुरू होतो. नाट्यगृहाचं काम दुसऱ्याला गेलं. त्याचा ‘ट’ नेहमी पोट सुटल्यासारखा असतो. शहराला आता तो बघावा लागेल. मी बसून काढता येतील अशा पाट्या घेणार आहे, दंतवैद्य वगैरे.

एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या घराण्यात ते छान मरण बघून परत आलेला मी पहिलाच. तेव्हा माझी साक्ष धरायला हरकत नाही. तिथे छान काही नाही. वाईटही नाही. ताट वाजलं, आणि मग थेट रुग्णवाहिकेतल्या माणसाची दाढी. मधे मी नव्हतोच. शांतता वगैरे जे म्हणतात ना, ती अनुभवायला कुणीतरी लागतं. म्हणजे त्या मरणाची जी मजा आहे, ती मरणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. ती मागच्यांनी वाटून घ्यायची असते. आम्ही वर्षानुवर्षं थोरल्याची मजा वाटून खाल्ली. परवा इथे शेजारच्या खाटेवरच्या माणसाला न्हाव्याची गोष्ट सांगायला घेतली. दुसऱ्या गालापर्यंत आलो आणि पुढे जाता येईना. मुलं लहान होती थोरल्याची. न्हाव्याला कुणी सांगितलं नव्हतं की हलवून बघ.

आता तुझं. इथे वेळ भरपूर आहे, म्हणून तुझी पत्रं पुन्हा वाचली. पहिल्या पत्रात तुझा आलेख बिघडलेला निघाला. त्यानंतर तू माझ्या शिडीबद्दल लिहिलंस, रंगाबद्दल, डब्यांबद्दल. मावशीला तर अख्खा धडा पाठवलास. स्वतःबद्दल एक ओळ नाही. इथे आलीस तेव्हा माझ्या तोंडाकडे कमी आणि माझ्या उशाशी ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे जास्त पाहत होतीस. आणि नर्सच्या हातून ट्रे पडला तेव्हा तू भिंतीला हात टेकलास, डोळे मिटलेस आणि तशीच उभी राहिलीस. मावशी म्हणाली, पोरगी दमली आहे. पण मला ते उभं राहणं माहीत आहे. मी शिडीवर तसाच उभा राहतो.

विनोद बाजूला ठेवून विचारतो. तुला येते का? हो किंवा नाही, एवढंच लिही. तुझे आकडे मला कळत नाहीत.

तुझा,
मामा


२४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हो.

एकदा प्रयोगशाळेत, यंत्राचा इशारा वाजला तेव्हा. सहकाऱ्याला मी सांगितलं, नाश्ता केला नव्हता. आणि त्याआधी एकदा घरी, एकटी असताना. डॉक्टरबाईंना दोन्ही माहीत आहे. माझा आलेख तुझ्याहून वाईट आहे. गोळ्या मी फेब्रुवारीपासून घेते, आणि गोळ्यांवर थांबू नये, डबी बसवून घ्यावी, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

मी बसवून घेतलेली नाही. त्या डब्या मी रोज हाताळते. बॅटरी किती टिकते, तार कुठे वाकली की तुटते, झटका किती जोराचा असतो, हे सगळं मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या छातीत जाणार असेल तर या माहितीचा उपयोग होतो. माझ्या बाबतीत काही झाला नाही. मी तीन वेळा तारीख घेतली आणि तिन्ही वेळा यंत्रं तपासायची आहेत असं सांगून पुढे ढकलली. यंत्रं खरोखर तपासायची होती. ती नेहमीच असतात.

अजून एक अडचण होती. तारीख देताना तिथली बाई विचारते की सोबत कोण येणार. बाबा जहाजावर आहेत, त्यांना मी कळवलेलं नाही. दर वेळी मी म्हणते, कुणी नको, मी याच इमारतीत काम करते. मग ती फॉर्मवरची ती जागा कोरी ठेवते.

आज मी चौथी तारीख घेतली आणि तिथे तुझं आणि मावशीचं नाव सांगितलं. तुम्हाला न विचारता. पुढचा मंगळवार, सकाळी. बसने या, मावशीला खिडकीची जागा दे, बरगड्यांना धक्का लागू देऊ नकोस. येताना मावशीला म्हणावं, तिचाही आलेख काढून घेऊ. नाही म्हणाली तर बनियनांची आठवण करून दे.

बाहेर लोखंडी बाकं आहेत. टेकायला वाईट आहेत, उशी आणा. मला आत भूल पूर्ण देत नाहीत, थोडं ऐकू येत राहतं. तुम्ही दोघं भांडलात तरी चालेल. न्हाव्याची गोष्ट सोडून दुसरी कुठलीही सांग. फक्त मोठ्याने सांग, कारण मधलं दार जाड आहे. आणि अचानक सुरू करू नकोस, हळूहळू आवाज चढव.

पत्राच्या शेवटी लोक लोभ असावा असं लिहितात. मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण तो आहे हे मला माहीत होतं आणि माहीत असलेली गोष्ट मी पुन्हा लिहीत नाही. या वेळी लिहिते. लोभ असावा, आणि मंगळवारी तो बाहेरच्या बाकावर बसलेला असावा.

तुझी,
मोजपट्टी